खारट भिंत

मोंडकरकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. चपला दारात काढल्या, सरळ बाथरूममध्ये गेले, ओल आलेल्या भिंतीकडे दोन मिनिटं बघत राहिले आणि मग पुढे वाकून तिला जीभ लावली.

मी मागे फडकं घेऊन उभी होते. आता या फडक्याने आधी भिंत पुसायची की काकांना पुसायला द्यायचं, हे मला कळेना. काकांनी बेसिनमध्ये चूळ भरली आणि निकाल दिला.

"खारट नाय. गोडा पाणी. म्हणजे वरच्यांचो पायप फुटलो हा. भितीचो काय दोष नाय, बाय."

वरच्यांचा पाइप खरोखरच फुटलेला होता. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्यांनी तीन वेळा येऊन, तीन वेळा फोटो काढून जे शोधलं नव्हतं, ते काकांनी जिभेवर शोधलं. आम्ही सगळे थक्क झालो. माझी बारा वर्षांची लेक ईरा तेवढी म्हणाली, "आई, दॅट इज सो अनहायजिनिक." तिचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

शारजात अल नहदाला आम्ही राहतो त्या मजल्यावर कोपऱ्यातला फ्लॅट एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीने आपल्या सुपरवायझरांसाठी घेतला होता. काका त्यातले सगळ्यात जुने. वय बासष्ट, अंगाने काटक, मूळचे देवगडकडच्या खाडीकाठचे. एकोणिसाव्या वर्षी इथे आले ते प्लास्टर करत करत सुपरवायझर झाले. त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या मालवणीत हिंदी शिरली, हिंदीत अरबी शिरली, आणि तिन्ही भाषांतून ते एकाच वेळी बोलतात. समोरच्याला त्यातली कुठलीही एक येत असेल तर निम्मं कळतं.

त्या दिवशी मी एक चूक केली. काका निघताना मी म्हणाले, "काही लागलं तर सांगा हं काका." आता हे वाक्य आपण मराठी माणसं कुणालाही म्हणतो. जिन्यात भेटलेल्याला म्हणतो, बारशाहून निघताना म्हणतो, ज्याच्याकडे पुन्हा जायचं नाही त्याला तर हमखास म्हणतो. ते कुणी मनावर घ्यायचं नसतं, अशी आपली रीत आहे. काकांनी ते मनावर घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेपाचला बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात पिशवी.

"बाय, गाडी काढ. यल्ला. फुजैऱ्याक जावचा हा."

मी आठवड्याचे पाच दिवस दुबईत ऊद मेथाच्या शाळेत गणित शिकवते. त्या पाच दिवसांत शारजा ते दुबई आणि दुबई ते शारजा ही जी काही वाहतूक असते, तिच्यातून जाणाऱ्या माणसाचा रविवार हा देवाचा प्रसाद असतो. मी म्हटलं, "काका, संदीप येईल तुमच्याबरोबर. तो छान चालवतो." संदीप म्हणजे माझा नवरा. आतून त्याचं घोरणं एकदम थांबलं.

"नको," काका म्हणाले. "बाईमाणूसच व्हया."

आतून घोरणं पुन्हा सुरू झालं.

तर अशी माझी सुरुवात झाली. त्यांना कोण जाणे काय हवं होतं, पण ऑक्टोबरपासून दर रविवारी मी फुजैऱ्याकडच्या डोंगरांत गाडी घातली. जुनी घरं, जुने बुरूज, पडक्या गढ्या, ओसाड वाड्या. जे जे म्हणून या भागातलं सगळ्यात जुनं आणि अजून उभं, ते ते बघायचं. लोक दुबईला येतात आणि जगातला सगळ्यात उंच टॉवर बघतात. मी इथे चौदा वर्षं आहे. त्या टॉवरच्या वर मी एकदाही गेलेली नाही, पण दिब्ब्यापासून हत्त्यापर्यंतच्या यच्चयावत पडक्या भिंती मला तोंडपाठ आहेत.

वाटेतला त्रास वेगळाच. काकांचा नकाशावर विश्वास नाही. मोबाइलमधली बाई "डावीकडे वळा" म्हणाली की ते तिला म्हणायचे, "तू गप रव गो." त्यांच्या खुणा वेगळ्या होत्या. "एक बोरीचा झाड होता. थय पाण्याचो पाट होतो. वर एक बुरूज." आता त्या डोंगरात प्रत्येक वाडीला एक बोरीचं झाड आहे, एक पाट आहे आणि वर एक बुरूज आहे. त्याशिवाय वाडी वसतच नाही. मी हे समजावलं. काका म्हणाले, "तुमी घाटावरली माणसा. तुमका झाडा सगळी सारखीच दिसतत." मी सांगलीची, हा माझा अपराध त्यांनी कधी माफ केला नाही.

त्यात त्यांचा डबा. सुक्या बांगड्याची चटणी आणि चपाती. बंद गाडी, चालू एसी आणि सुका बांगडा. माझी गाडी सोमवारी शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की मांजरं जमायची.

आणि मुक्कामाला पोचल्यावर तो कार्यक्रम. काका आधी भिंतीभोवती एक फेरी मारायचे. मग तळवा टेकवायचे. मग इकडेतिकडे बघायचे आणि चटकन वाकून जीभ लावायचे. मग बाटलीतल्या पाण्याने चूळ, आणि "नाय. ही नव्हे." की खलास, परत गाडीत. एवढ्यासाठी मी सव्वाशे किलोमीटर आले.

एकदा ईराला बरोबर नेलं. एका बुरुजापाशी परदेशी पाहुण्यांचा घोळका उभा होता, त्यांचा गाइड इतिहास सांगत होता. काकांना धीर निघेना. ते मागच्या बाजूला गेले, पण बुरूज गोल. मागची बाजू अशी त्याला नसतेच. ईरा किंचाळली, "आई, ही इज लिकिंग द मॉन्युमेंट!" सगळा घोळका वळला. एका बाईंनी व्हिडिओ काढला. राखणदाराने शिटी मारली. मी अतिशय लक्षपूर्वक समोरचा डोंगर बघायला लागले. काका चूळ भरून शांतपणे माझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "ही पण नव्हे गो, बाय."

मशिदीपाशी मात्र त्यांनी असलं काही केलं नाही. बिदियाला ती छोटी मशीद आहे ना, देशातली सगळ्यात जुनी म्हणतात ती. मातीदगडाची, आत एकच खांब आणि वर चार घुमट. तिथे काका बाहेरच हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "का? आज उपास?" ते म्हणाले, "हय तोंड लावचा नसता. देवाचा घर." मग बराच वेळ त्या घुमटांकडे बघत म्हणाले, "ह्यो बघ मिस्त्री. ह्येच्या हाताक हात लावची पण माझी लायकी नाय." त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी पुढे थट्टा केली नाही. पण राग काही गेला नाही.

नोव्हेंबरात कळलं की काकांची फायनल एक्झिट आली. म्हणजे कंपनीने नोकरी संपवली. जानेवारीअखेर व्हिसा रद्द, तिकीट हातात, कायमचं घरी. मला मनातून हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. मी कॅलेंडरवर उरलेले रविवार मोजले. घरी त्यांना कोण होतं? बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला, सून बोलायला गोड पण पुण्यालाच. गावात दोन मजली घर, त्याला पाच खोल्या, आणि त्यात हे एकटे. मी म्हटलं, "काका, आता जायची तयारी करा. खरेदी करा, बॅगा भरा." त्यांनी उलट शनिवारही मागायला सुरुवात केली.

मग एका रविवारी मसाफीपाशी माझा बांध फुटला. त्या दिवशी तीन वाड्या झाल्या होत्या आणि गाडीचं एक चाक खडीत रुतून झालं होतं. रस्त्याकडेच्या टपरीवर करक चहा घेत होतो. मी कप बोनेटवर आपटला आणि म्हटलं, "काका, तुम्हाला नेमकं काय हवंय? आज सांगायचं. नाहीतर पुढच्या रविवारी टॅक्सी करायची."

काकांनी कप संपवला. मग म्हणाले, "एक घर शोधतंय. माजा पाप हा थय."

आणि मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, तिन्ही भाषांत. मी ते एकीकडे आणून सांगते.

काका मिस्त्री नव्हतेच. बापाबरोबर होडीवर जाणारा मुलगा. एजंटाने विचारलं, काय काम येतं? गवंड्यांना व्हिसा लवकर मिळतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून हे म्हणाले, "मिस्त्री." थापी हातात कशी धरायची तेसुद्धा माहीत नव्हतं. विमानातून उतरले आणि दुसऱ्याच दिवशी अरबाबने, म्हणजे मालकाने, त्यांना पिकअपच्या मागे बसवून डोंगरात नेऊन सोडलं. वाडीचं नाव कुणी सांगितलं नाही. एका विधवा म्हातारीचं जुनं घर होतं, दगडमातीचं. बाकीचे लोक खाली सरकारी घरांत राहायला गेलेले, म्हातारी हलायला तयार नाही. तर घराला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून द्यायचं. एकट्याने. दीड महिना.

म्हातारी दोन वेळा जेवायला घालायची. काका जेवताना रडायचे. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती. ती नुसती समोर बसून राहायची, हे जेवून होईपर्यंत.

"आणि मी काय केलंय?" काका म्हणाले. वादीतली, म्हणजे तिथल्या कोरड्या नदीतली वाळू जाडीभरडी, खड्यांची. त्यांना ती हलक्या प्रतीची वाटली. पिकअपवाला आठवड्यातून एकदा किनाऱ्याकडे जायचा. काकांनी त्याला खुणेने सांगून समुद्राची वाळू आणवली. बारीक, पांढरी, गावाकडच्या पुळणीसारखी. म्हातारीच्या घराला चांगल्यातली चांगली वाळू लावायची म्हणून. भिंती गुळगुळीत झाल्या. म्हातारीने हात फिरवून बघितला. अरबाबने पास केलं, परत पिकअपमध्ये घातलं आणि दुबईला दुसऱ्या साइटवर नेलं.

दोन वर्षांनी एक राजस्थानी मिस्त्री भेटला, त्याने खरं काम शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याने चिमूटभर वाळू काकांच्या जिभेवर ठेवली. खारट लागली तर गाडी परत पाठव, म्हणाला. खाऱ्या वाळूचं प्लास्टर वर्षभरही धरत नाही, आणि जाताना खालची भिंतही ओरबाडून नेतं.

"तेवा माका कळला," काका म्हणाले. "मी तिचा घर खाल्लंय."

पुढे त्रेचाळीस वर्षांत त्यांनी शोधलं नाही असं नाही. पण आठवड्याला एक सुट्टी, गाडी नाही, लायसन्सची टेस्ट अकरा वेळा नापास. कधी शेअर टॅक्सीने गेले तर वाडीत एकट्या पुरुषाला कोण दारापाशी उभं करणार? घरात बायका असतात. बरोबर बाईमाणूस असेल तर दारं उघडतात. म्हणून मी.

आता एखादीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्याही आलं, पण मी गणिताची बाई. मी म्हटलं, "काका, त्रेचाळीस वर्षं. किती पावसाळे, किती पूर. भिंतीत मीठ राहील का अजून? आणि घर तरी राहील का?"

"रवता," काका म्हणाले. "मीठ रवता."

मी चहाचा कप उचलला आणि गाडी काढली.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही एका वादीच्या अगदी शेवटाला पोचलो. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे खडी, खडी संपल्यावर एक पाट, आणि त्याच्या वर एक घर. शेजारी बोर होती, डोंगरावर बुरूज होता, पण तसं सगळीकडेच असतं म्हणून मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही. घराबाहेर सरकारी पाटी होती: ही या खोऱ्यातली सगळ्यात जुनी उभी असलेली वास्तू आहे, कोणीही हात लावू नये. जीभ लावू नये असं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे काका पुढे गेले.

दगडमातीच्या त्या भिंतींवर छपराखालच्या एका कोपऱ्यात तेवढा ताटाएवढा सिमेंटचा करडा तुकडा चिकटून होता. काका दगडावर चढले, चवड्यांवर उभे राहिले, जीभ लावली. आणि मग चूळ भरायचं विसरून तसेच उभे राहिले.

"ए!" मागून हिंदीत आरडाओरडा झाला. "दीवार क्यों खाता है?"

एक म्हातारी काठी उगारून चढण चढत होती. काळा अबाया, आणि चेहऱ्यावर ती जुन्या बायका लावतात तशी चकाकती बुरखापट्टी, तिच्यातून फक्त डोळे. मी धावत गेले. सलाम केला, माफी मागितली, हे आजारी आहेत म्हणाले, भारतातून आलेत म्हणाले, जे सुचेल ते म्हणाले. काका दगडावरून उतरले आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"ये प्लास्टर मैंने किया," ते म्हणाले. "बहुत साल पहले. खराब किया."

म्हातारी थांबली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम वो है?" ती म्हणाली. "जो खाते-खाते रोता था?"

मी डोंगराकडे तोंड फिरवलं. या खेपेला खरंच बघवेना म्हणून.

तिचं नाव उम्म सईद, म्हणजे सईदची आई. त्या विधवेची सून. तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, पडद्याआड असायची; हिंदी पुढे दुकानदारांकडून शिकली. आता ती खाली नव्या घरात राहते, पण बकऱ्या अजून वरच ठेवते. तिने आम्हाला खाली नेलं, खजूर पुढे ठेवले, कॉफीचा तो चिमुकला पेला भरला. तो रिकामा झाला की हलवून परत द्यायचा असतो, म्हणजे पुरे. मी हलवला नाही. सात पेले प्याले. काकांनी एकही प्यायला नाही. त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघत होता: प्लास्टर कधी पडलं?

"पहले जाड़े में," उम्म सईद म्हणाली, आणि हसली. म्हणाली, काम चालू असतानाच भिंतीवर पांढरी फुलं यायला लागली होती. मिठाची. सासूने बघितलं होतं. पहिल्याच दिवशी तिने तुझं थापी धरणंही बघितलं होतं. तू मिस्त्री नाहीस हे तिला तेव्हाच कळलं.

"मग अरबाबला का नाही सांगितलं?" हे मी विचारलं.

"अरबाब पूछा था. काम कैसा है? सास बोली, बहुत अच्छा." तिने खांदे उडवले. "नहीं बोलती तो वो इसको वापस भेजता. वो बोली, समंदर का लड़का है, इसको समंदर का रेती अच्छा लगा. गलत नहीं किया. प्यार से किया."

मग दर पावसानंतर त्या सासूने स्वतः, पुढे या सुनेने, जिथे सिमेंट सुटलं तिथे जुन्या पद्धतीने माती आणि गवताच्या काडाचा गिलावा लावला. घर त्याने टिकलं. सासू जाऊन वीस वर्षं झाली.

काकांनी विचारलं, आता मला काम येतं, तर मी ते घर नीट करून देऊ का? महिनाभर आहे हातात.

उम्म सईद म्हणाली, नाही. पाटी लागली. आता कुणी खडा उचलला तरी दंड आहे. मोठे मोठे लोक येऊन फोटो काढून गेले, त्या करड्या तुकड्याचाही फोटो काढला, हा मूळचा आहे, याला धक्का लावू नका, म्हणाले.

म्हणजे काकांचं पाप सरकारने जतन करून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि आवरेना. माझं बघून उम्म सईद हसली, मग काकाही. पण हसता हसता त्यांचा चेहरा असा पडला की तिला ते बघवलं नाही. ती काठीने वर दाखवत म्हणाली, "वो बकरी का बाड़ा है. उस पर बोर्ड नहीं है."

तर माझे उरलेले रविवार असे बकऱ्यांच्या गोठ्याला लागले. ऑक्टोबरपासूनचे रविवार गेले ते गेले. निदान तेव्हा गाडीत बसायचं असायचं. आता मला चाळणी मिळाली. वादीतली जाड वाळू मी चाळायची, काका चाखून बघायचे, पसंत नसेल तर पुन्हा चाळायची. माती, काड, पाणी पायांनी तुडवायचं आणि झाकून आठवडाभर कुजवायचं; पुढच्या रविवारी लावायचं. बकऱ्या मागून माझी ओढणी खायच्या. काका तोंडाने अखंड शिकवत असायचे. "हळू, बाय. भितीक घाई कळता." मी सोमवारी शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की खांदा बोलायचा. स्टाफरूममध्ये विचारलं, वीकेंडला काय केलंस? काय सांगणार?

पण गिलावा असा बसला की काय सांगू. काकांचा हात फिरायचा आणि माती त्याच्यामागून सरळ व्हायची. पाठीमागचा दगड जसा वळेल तशी भिंत वळायची, सिमेंटसारखी ताठ नाही. उम्म सईद दर वेळी येऊन काठीवर हनुवटी टेकून बघत बसायची. दुपारी भात आणि मासे असायचे. काका खाली मान घालून जेवायचे, आणि ती समोर बसून राहायची.

गोठ्याला चार भिंती. तीन झाल्या. शेवटच्या रविवारी चौथी राहिली होती, आणि गुरुवारी काकांचं विमान होतं. हे त्यांनी उम्म सईदला सांगितलं नव्हतं. मलाही सांगू दिलं नव्हतं.

त्या दिवशी ते जेवायलाही थांबले नाहीत. तीनच्या सुमाराला माती कालवून झाली, थापी उचलली, पहिला हात मारणार एवढ्यात उम्म सईदने काठी आडवी धरली.

"ये रहने दो," ती म्हणाली. "आज थक गया तुम. ये अगले साल. जाड़े में आओ, तब करो."

काका थापी घेऊन उभे. मातीचा एक गोळा घसरून त्यांच्या बुटावर पडला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"इन्शाल्ला, उम्म सईद," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

चौदा वर्षं इथे काढल्यावर एवढं कळतं की या शब्दाचे दोन अर्थ असतात: एक 'देवाची इच्छा असली तर', आणि दुसरा सरळ 'नाही'. तिला तो कळला की नाही, पट्टीमागे मला दिसलं नाही. ती मान हलवून बकऱ्यांकडे वळली.

परतीच्या वाटेवर काकांनी डबाही उघडला नाही. मसाफी गेल्यावर खिडकीकडे बघत म्हणाले, "आज मी परत खोटा बोललंय गो. त्याच घरात."

मी एसी कमी केला आणि गाडी चालवत राहिले.

आता ते गावी आहेत. रविवारी फोन येतो. घरात कोण आहे विचारलं की म्हणतात, "कोण असतला? मी आणि टीव्ही." मग डोंगरात पाऊस झाला का, बाड्याची माती धुपली का, बकऱ्या भिंतीला अंग घासतात का, हे विचारतात, आणि जाऊन बघून ये म्हणतात. शनिवारी मी जाऊन आले. तीन भिंती ठाकठीक आहेत. चौथ्या भिंतीसमोर उम्म सईदने काटेरी फांद्या लावून ठेवल्यात. कुणी हात लावू नये म्हणून, म्हणाली.

मी परत आले आणि संदीपच्या नाकावर टिच्चून त्याच्याच कार्डाने काकांचं जानेवारीचं तिकीट काढलं. व्हिजिट व्हिसाचे कागदही भरलेत. काकांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आतापासून दररोज फोन करतील, आणि मला वाळू चाळायला पाठवतील.